आधी कुणाला दाखवू?

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव आणि गाव देत नाही. पत्र मोठे आहे; त्यातला आवश्यक भाग येथे देते.

"माझा मुलगा ९ वर्षांचा असून चौथीत शिकतो. एका जागी दहा मिनिटे बसत नाही. या वर्षात तीन डबे, दोन कंपासपेट्या आणि एक चप्पल हरवून आला. वहीत पहिली दोन गणिते बरोबर असतात आणि पुढचे पान कोरे. गुरुजी म्हणतात, हुशार आहे पण लक्ष नाही. मोबाईल दिला तर मात्र दोन तास हलत नाही. भाच्याने मोबाईलवर काही पाहून ही स्वमग्नता (ऑटिझम) आहे असे सांगितले. सासूबाई कधी म्हणतात 'याना बाप बी असाच व्हता', कधी म्हणतात मीच लाडावून ठेवला. भगताकडून दोरा आणून बांधला. दिवाळीपासून माझीच झोप गेली आहे. पहाटे ३ वाजता जाग येते, छातीत धडधडते, वेचणीला गेले की कापसाच्या ओळीत बसून रडू येते. कापसाच्या पैशात फक्त उसनवारी फिटली. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो चांगला आला. त्यांनी झोपेची अर्धी गोळी लिहून दिली, ती चार महिने मेडिकलमधून आणून घेते आहे. मागच्या आठवड्यात अभ्यासावरून मुलाला उलथण्याने मारले आणि रात्रभर त्याच्या पायाशी बसून राहिले. सगळे संपले तर बरे, असे कधी कधी मनात येते. सासूबाई म्हणतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊन ये, बरे वाटेल. भाड्याचे पैसे काढून दवाखान्यात एकदाच जाता येईल. दोघांपैकी आधी कुणाला दाखवू, तेवढे सांगा."

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या ओळीतच देते: आधी तुम्ही.

मुलाचे दुखणे बिनमहत्त्वाचे आहे असा याचा अर्थ नाही. तुम्ही लिहिले आहे त्यावरून मुलाचा प्रश्न अनेक वर्षांपासूनचा आहे, त्याची तपासणी दोन-तीन भेटींत सावकाश होते आणि आणखी महिनाभर उशीर झाल्याने त्याचे मोठे नुकसान होणार नाही. तुमचे तसे नाही. सगळे संपले तर बरे, हे वाक्य तुम्ही पत्राच्या मधोमध, जणू वाणसामानाच्या यादीतली एक ओळ असावी तसे लिहिले आहे. मी मात्र तिथेच थांबले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले. असा विचार मनात येणे हा गुन्हा नाही, देवाचा कोप नाही आणि तुम्ही वाईट आई आहात याचा पुरावाही नाही. अतिशय थकलेल्या मेंदूचे ते लक्षण आहे आणि उपचाराने ते जाते. तोपर्यंत एक करा. १४४१६ हा टेली मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. फोन विनामूल्य आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. पहाटे ३ वाजता जाग येईल तेव्हाही तो लागेल. आणि तो विचार नुसता येऊन न जाता मनात ठाण मांडू लागला, किंवा कसे करायचे इथपर्यंत पोहोचला, तर त्या रात्री एकट्या राहू नका. पतीला उठवा, सासूबाईंना उठवा, जो जवळचा दवाखाना उघडा असेल तिथे जा. घरातली फवारणीची औषधे आजच कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायला सांगा. शेतकऱ्याच्या प्रत्येक घरात ही काळजी एरवीही घ्यायलाच हवी, म्हणून ती घेण्यासाठी कुणाला काही समजावून सांगावे लागणार नाही.

आता तुम्हाला काय होते आहे ते पाहू. ताण, आजार आणि जन्मजात जडणघडण या तीन निराळ्या गोष्टी आपल्याकडे 'टेन्शन' या एकाच शब्दात बांधल्या जातात, आणि त्यामुळे कशावर काय उपाय करायचा ते कळत नाही. तुम्ही कापूस पिकवता, म्हणून कपाशीचेच उदाहरण देते. भर दुपारच्या उन्हात कपाशीचे झाड मान टाकते, पण संध्याकाळी गारवा आला किंवा पाणी दिले की पुन्हा ताठ होते, हा ताण. दुसरे झाड संध्याकाळीही उभे राहत नाही, पाणी देऊनही सुकतच जाते, कारण त्याला मर लागलेली असते. हा आजार, आणि त्याला नुसते पाणी पुरत नाही. तिसरे झाड शेजारच्या ओळीपेक्षा वेगळे वाढते, फांद्या निराळ्या फोडते, त्याला अंतरही जास्त लागते, कारण त्याचा वाणच वेगळा असतो. ते झाड रोगट नसते. शेजारच्यासारखेच त्याला वाढवायला गेलो तर मात्र त्याचे नुकसान होते. तुमच्या घरात आज या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली आहेत, असे मला पत्रावरून वाटते.

उसनवारी, कापसाचा भाव आणि शाळेतून येणाऱ्या तक्रारी यांचा ताण खरा आहे, आणि कर्जाचा ताण कोणत्याही गोळीने जात नाही हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु दिवाळीपासून आजवर, म्हणजे चार महिने, रोज पहाटे ठरावीक वेळी जाग येणे, कशात रस न उरणे, कामाच्या मध्ये रडू कोसळणे, आपण कुणाच्या कामाच्या नाही असे वाटणे, हे दुपारच्या उन्हाने मान टाकण्याच्या पुढे गेले आहे. मन उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांतले बिघाड, हे सलग २ आठवडे जवळजवळ रोज दिसले की डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुमचे त्याच्या कितीतरी पट झाले आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झाले, त्यात देशातल्या प्रौढांपैकी दर २० जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य झाल्याचे दिसले. तुमच्या गावातही अशा अनेक बाया आणि पुरुष असतील. त्यांतल्या बहुतेकांनी ते कुणाला सांगितलेले नसते, एवढेच.

छातीतल्या धडधडीबद्दलही सांगते, कारण ईसीजी चांगला आला तरी ती भीती तुमच्या मनातून गेलेली नाही. धोका समोर आला की शरीर ॲड्रेनलिन नावाचा रस सोडते, त्याने हृदय जोरात पळते, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात. शेतात साप दिसल्यावर हेच होते आणि ते उपयोगाचे असते. चिंतेत हाच गजर साप नसताना वाजत राहतो. धडधड खरीच असते, तुम्ही ती कल्पनेने आणलेली नसते, फक्त तिचे मूळ हृदयात नसते. अशा वेळी श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा, मनात ४ मोजत आत आणि ६ मोजत बाहेर, असे पाच-सात मिनिटे. हा उपचार नव्हे, तेवढ्यापुरती सोय आहे.

झोपेच्या गोळीबद्दल मला काळजी वाटते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या थोडे दिवस देण्यासाठी असतात. महिनोन्‌महिने घेतल्या की शरीराला त्यांची सवय लागते, मात्रा अपुरी वाटू लागते आणि नैराश्य तर आत तसेच राहते. तरीही, हे वाचून आज रात्री गोळी एकदम बंद करू नका. एकदम सोडल्याने झोप आणखी उडते, थरथर सुटते, क्वचित झटकेही येतात. ती कमी करण्याचे वेळापत्रक डॉक्टर देतील. नैराश्यासाठी जी औषधे देतात ती या गटातली नसतात. त्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत थोडी मळमळ किंवा डोके जड वाटू शकते, आणि बरे वाटू लागल्यावरही ती सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवावी लागतात. त्यांचे व्यसन लागत नाही. आठ दिवस घेऊन 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे आणि महिन्याने 'आता बरी झाले' म्हणून सोडणारे, दोन्ही प्रकारचे लोक मी खूप पाहिले आहेत, म्हणून इतक्या आवर्जून लिहिते. रक्त आणि थायरॉईडही तपासून घ्या. रक्त कमी असेल किंवा थायरॉईड बिघडलेली असेल तरी थकवा आणि उदासी येते.

आखाजीला माहेरी जा, या सासूबाईंच्या सल्ल्यात माया आहे. झोका, गाणी, आईच्या हातचे खाणे यांनी ताण खरोखर उतरतो, आणि तुम्ही अवश्य जा. पण तोवर उपचार लांबणीवर टाकू नका. माहेरी चार दिवस राहूनही पहाटे ३ ची जाग चुकणार नाही, आणि तेव्हा 'माहेरी येऊनही मला बरे वाटत नाही' असे स्वतःला नवे दूषण लावून घ्याल, ही मला भीती आहे.

आता मुलाकडे येऊ. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही, पण तुम्ही जे लिहिले आहे ते एडीएचडी या प्रकाराशी पुष्कळ जुळते. मराठीत त्याला अवधानदोष आणि अतिचंचलता म्हणतात. शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांत ते आढळते, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एखाद-दोघे असतातच. मोबाईलने ते निर्माण केलेले नाही; १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत नेमक्या अशाच मुलांचे वर्णन केले होते. मोबाईलवर दोन तास बसतो, मग वहीपुढे का बसत नाही, हा प्रश्न तुम्हाला आणि गुरुजींना सारखाच छळत असणार. या मुलांमध्ये लक्ष नसते असे नाही. लक्ष हवे तिकडे वळवणे आणि नको तिथून काढून घेणे त्यांच्या ताब्यात नसते. मोबाईलच्या खेळात दर क्षणाला काहीतरी बक्षीस मिळते, गणिताच्या वहीत ते पान संपल्यावर मिळते, तेही मिळाले तर. पहिली दोन गणिते बरोबर आणि पुढचे पान कोरे, यातच सारे आले: त्याला गणित येते, पानाच्या शेवटापर्यंत टिकून राहणे येत नाही.

लाडाने हे होत नाही आणि माराने जात नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते की यात सुमारे तीन चतुर्थांश वाटा आनुवंशिकतेचा असतो. म्हणजे सासूबाईंच्या दोन वाक्यांपैकी 'मीच लाडावून ठेवला' हे चूक आहे आणि 'याना बाप बी असाच व्हता' हे बहुधा फार मोलाचे आहे. मात्र हे वाक्य भांडणात पतीच्या तोंडावर फेकू नका. असे अनेक पुरुष आयुष्यभर हप्त्याच्या तारखा चुकवतात, एक काम अर्धे टाकून दुसरे धरतात आणि बेजबाबदार म्हणवून घेतात. त्यांचाही दोष आपण समजतो तेवढा नसतो.

स्वमग्नतेबद्दल भाच्याला जे वाटले ते पत्रातल्या इतर तपशिलाशी जुळत नाही. स्वमग्नतेत अगदी लहानपणापासून इतरांशी नाते जोडण्याची, हावभाव ओळखण्याची, बोलण्यातून देवाणघेवाण करण्याची रीत निराळी असते. वर्षभराचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आणि पुढे त्याच त्या हालचाली किंवा एकाच विषयाचा ध्यास दिसतो. तुमचा मुलगा गल्लीतल्या सगळ्या मुलांना जमवून खेळ मांडतो आणि तुम्ही रडताना दिसलात की न सांगता तांब्याभर पाणी आणून देतो, असे तुम्हीच पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिले आहे. तरीही दोन्ही गोष्टी एका मुलात असू शकतात, म्हणून तो निवाडा तज्ज्ञांवर सोडा. त्याच्याकडून मोठ्याने वाचून मात्र घ्या. गणितापेक्षा वाचनात तो फारच अडखळत असेल, अक्षरे गाळत किंवा उलटी लिहीत असेल, तर अध्ययन अक्षमताही तपासावी लागेल; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्याआधी कान आणि डोळे तपासा. कान वाहून ऐकू कमी येणारे मूलही वर्गात 'लक्ष नसलेले' ठरते. बोलता बोलता तो काही क्षण एकटक पाहत गोठल्यासारखा होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण फिट्सचा एक प्रकार तसा असतो.

एडीएचडी म्हणायचे तर लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, कमीत कमी ६ महिने टिकलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून गुरुजींचे चार ओळींचे लेखी मत फार उपयोगी पडते. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, मदत मागायला जा. मुलाला खिडकीपासून दूर, त्यांच्या टेबलाजवळच्या पहिल्या बाकावर बसवणे, वह्या वाटायला किंवा खडू आणायला उठवून पायांना काम देणे, एवढे ते सहज करतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्यांनाही हे सांगता येईल.

घरी काय करायचे ते एका संध्याकाळपुरते सांगते. वही पूर्ण उघडून देऊ नका. तीन गणिते कागदावर उतरवून द्या, बाकीची झाकून ठेवा, आणि लांबून, चुलीजवळून हाका मारू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, त्याने तुमच्याकडे पाहिले की एकच गोष्ट सांगा. तीन झाली की लगेच, त्याच क्षणी, 'तिन्ही बसून केलीस' असे नेमके शब्दांत म्हणा आणि त्याला अंगणात एक चक्कर मारून येऊ द्या. मग पुढची तीन. रविवारी सायकल देऊ, हे आश्वासन या मुलांच्या कामाचे नसते, कारण त्यांच्या लेखी रविवार फार लांब असतो. दप्तर सकाळी भरू नका, रात्री भरून दाराच्या खिळ्याला अडकवा. पहिले दहा-बारा दिवस काहीच फरक दिसणार नाही.

आता माझे 'आधी तुम्ही' हे उत्तर पुन्हा पाहा. हे सगळे करायला जी शांती लागते ती सध्या तुमच्याजवळ नाही, आणि नसणे साहजिक आहे. मुलाच्या उपचाराचा मोठा भाग आईबापांना दिलेले प्रशिक्षण असते. जी आई पहाटे ३ पासून जागी आहे तिच्याकडून ते होत नाही आणि मग ती स्वतःला आणखी दोष देते. औषधाची गरज वाटली तर मुलाचे डॉक्टर मिथाइलफेनिडेटसारखे औषध देतील. ते झोपवून ठेवणारे औषध नाही. भूक थोडी कमी होते, म्हणून वजन आणि उंची मधून मधून मोजत राहतात.

मारल्याबद्दल तुम्ही स्वतःला पुष्कळ शिक्षा केली आहे, मी त्यात भर घालणार नाही. पण ते पुन्हा होऊ नये. मार खाल्लेले मूल त्या क्षणी थांबते आणि गणित विसरते. रात्री पायाशी बसलात हे त्याला माहीतच नाही, तो झोपला होता. त्याला जागेपणी सांगा: "मी तुला मारले, ते माझे चुकले. मला बरे नाही, मी औषध घेणार आहे." आई माफी मागते म्हणून मूल डोक्यावर बसत नाही. राग चढू लागला की उलथणे तिथेच टाकून ओसरीवर जा. भाकरी करपली तर करपू द्या.

भगताच्या दोऱ्याला माझी हरकत नाही. घरच्यांना त्याने धीर येत असेल तर राहू द्या. धुरी, चटके किंवा उपाशी ठेवणे यांना मात्र सासूबाईंच्या देखत स्पष्ट नकार द्या.

धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जळगावलाही आहे. पारोळ्याहून धुळे जवळ पडते, तेव्हा तिकडे जा. सकाळी लवकर निघून केसपेपर काढताना मानसोपचार विभाग असे सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय सेवेत असे उपचार मिळणे हा तुमचा हक्क आहे, तिथे कुणी वेडे म्हणणार नाही. रांगेत तुमच्यासारख्याच बाया बसलेल्या दिसतील. मुलालाही सोबत न्या. आधी तुमचा केसपेपर, आणि त्याच दिवशी त्याचाही काढून पुढची तारीख घ्या, म्हणजे भाडे एकदाच लागेल. सोबत ईसीजीचा कागद, झोपेच्या गोळीची रिकामी पट्टी, मुलाच्या दोन जुन्या वह्या आणि गुरुजींच्या चार ओळी ठेवा. आणि जमल्यास सासूबाईंना बरोबर घ्या. मुलाचा बाप नऊ वर्षांचा असताना कसा होता, किती डबे हरवायचा, शाळेतून कितीदा पळून यायचा, हे त्या घरात फक्त त्यांनाच ठाऊक आहे, आणि डॉक्टर नेमके तेच विचारतील.